जुन्या घरगुती संगणकासाठी प्रिंटर निवडताना: आधी ड्रायव्हर, मग खरेदी

जुन्या संगणकासाठी प्रिंटर घेताना लोकांची फसगत होते, ती बहुतेक वेळा खरेदीचा क्रम उलटा असल्यामुळे. किंमत, रंगीत छपाई आणि वाय-फाय एवढे पाहून प्रिंटर घेतला जातो, घरी आणून खोके उघडले जाते, शाई भरली जाते आणि मग तो आपल्या संगणकावर चालेल का, हा प्रश्न पुढे येतो. शाई भरलेला प्रिंटर दुकानदार सहसा परत घेत नाही. प्रिंटरमध्ये दोष नसतो आणि संगणकही ठणठणीत असतो, परंतु दोघांना जोडणारा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी कसे बोलायचे ते संगणकाला सांगणारा प्रोग्राम, उपलब्ध नसतो, आणि तो नंतर निर्माण करून घेणे ग्राहकाच्या हातात नसते.

पुढील टप्पे मुख्यतः विंडोज ७ असलेल्या, १ ते ४ जीबी रॅमच्या घरगुती संगणकासाठी लिहिले आहेत. त्याहून जुने विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना त्या त्या जागी दिल्या आहेत. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. त्यामुळे अलीकडे बाजारात आलेल्या प्रत्येक मॉडेलसाठी कंपनीने या प्रणालींचा ड्रायव्हर दिलाच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

टप्पा १: संगणकाची माहिती कागदावर उतरवणे

दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘विंडोज कोणते?’ हा असतो आणि ‘सेव्हन’ एवढे उत्तर पुरेसे नसते. कीबोर्डवरील विंडोजची कळ आणि पॉज ही कळ एकाच वेळी दाबल्यास ‘सिस्टीम’ची खिडकी उघडते. तिच्यातील पुढील गोष्टी जशा दिसतील तशा लिहून घ्याव्यात: विंडोजची आवृत्ती, सर्व्हिस पॅकचा (मायक्रोसॉफ्टने एकत्र दिलेल्या सुधारणांच्या संचाचा) क्रमांक, रॅम, आणि ‘सिस्टीम टाइप’समोर लिहिलेले ३२-बिट किंवा ६४-बिट.

यांतील शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. ३२-बिट विंडोजला ६४-बिटचा ड्रायव्हर चालत नाही आणि ६४-बिट विंडोजला ३२-बिटचा चालत नाही. प्रोसेसर ६४-बिट असला तरी त्यावर बसवलेले विंडोज ३२-बिट असू शकते, आणि २ जीबी रॅमच्या जुन्या संगणकांवर असे अनेकदा आढळते. म्हणून प्रोसेसरच्या नावावरून अंदाज बांधू नये.

विंडोज ७ वर सर्व्हिस पॅक १ नसेल, तर प्रिंटरचा विचार करण्याआधी तो बसवून घ्यावा. त्याबरोबरच केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ ही २०१९ सालची दोन अद्यतने याच क्रमाने बसवावीत. नव्या ड्रायव्हरवरील डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे फाइल खरोखर कंपनीचीच असल्याची खूण, शा-२ पद्धतीची असते, आणि ती ओळखण्याची सोय मूळ विंडोज ७ मध्ये नव्हती. ही अद्यतने नसलेल्या संगणकावर योग्य ड्रायव्हरसुद्धा ‘प्रकाशकाची खात्री पटत नाही’ अशा आशयाचा संदेश देऊन अडतो, आणि लोक प्रिंटरला दोष देतात.

याच कागदावर सी ड्राइव्हमध्ये मोकळी असलेली जागा लिहावी. ती २ ते ३ जीबीपेक्षा कमी असेल तर आधी जागा मोकळी करावी, कारण ड्रायव्हरचा गठ्ठा उलगडताना आणि मोठ्या पानाची छपाई तयार करताना विंडोज तात्पुरत्या फाइली याच ठिकाणी ठेवते.

*तपासणी:* आवृत्ती, सर्व्हिस पॅक, बिट, रॅम, मोकळी जागा, आणि सीपीयूच्या मागे असलेल्या सॉकेटांचे प्रकार. या सहा नोंदी पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टप्पा २: छपाईची गरज ठरवणे

येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही. महिन्यातून काही वेळा सातबारा, परीक्षेचे प्रवेशपत्र, विजेचे बिल किंवा अर्ज छापायचे असतील, तर साधा कृष्णधवल लेझर प्रिंटर घ्यावा. टोनर ही पूड असल्यामुळे प्रिंटर दोन महिने बंद राहिला तरी ती वाळत नाही. मुलांचे प्रकल्प आणि रंगीत चित्रे दर आठवड्याला छापली जात असतील तर शाईच्या टाकीचा प्रिंटर परवडतो. मात्र तो नियमित वापरात राहिला पाहिजे. बराच काळ न वापरल्यास त्याच्या नोझलमध्ये शाई सुकते आणि ती साफ करण्यातच बरीच शाई खर्च होते.

*खबरदारी:* लेझर प्रिंटर कधीही संगणकाच्या यूपीएसवर लावू नये. टोनर कागदावर पक्का करणारा फ्यूझर तापताना काही शे वॅट वीज एकदम ओढतो, तर ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो. प्रिंटर भिंतीवरील स्वतंत्र सॉकेटलाच जोडावा.

टप्पा ३: प्रिंटरला कोणती भाषा समजते, ते पाहणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात, आणि जुन्या संगणकाच्या बाबतीत निर्णय खरे तर येथेच होतो.

छापायचे पान प्रिंटरकडे दोन प्रकारे जाऊ शकते. पहिल्या प्रकारात संगणक पानाचे वर्णन पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट यांसारख्या प्रस्थापित भाषेत पाठवतो आणि त्या वर्णनावरून पान रचण्याचे काम प्रिंटर स्वतः करतो. दुसऱ्या प्रकारात पानाचा प्रत्येक ठिपका संगणकालाच रचावा लागतो आणि प्रिंटर ते ठिपके केवळ कागदावर उतरवतो. या दुसऱ्या प्रकाराला तपशीलपत्रकात होस्ट-बेस्ड किंवा जीडीआय म्हटलेले असते. स्वस्त घरगुती लेझर प्रिंटर बहुधा या प्रकारचे असतात.

हा फरक दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. पहिले कारण ड्रायव्हरचे आहे. होस्ट-बेस्ड प्रिंटर केवळ त्याच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या ड्रायव्हरवर चालतो. विंडोज ७ साठी तो ड्रायव्हर नसेल तर मार्ग तेथेच संपतो. याउलट, पीसीएल ५, पीसीएल ६ किंवा पोस्टस्क्रिप्ट ३ खरोखर समजणारा प्रिंटर त्याच भाषेच्या एखाद्या सर्वसाधारण किंवा जुन्या ड्रायव्हरवरही निदान कृष्णधवल मजकूर छापतो. दोन्ही बाजूंनी छपाई किंवा दुसरा ट्रे अशा सोयी तेव्हा कदाचित मिळणार नाहीत, पण काम अडून राहत नाही.

दुसरे कारण संगणकाच्या ताकदीचे आहे. ६०० डीपीआयच्या (एका इंचात ६०० ठिपक्यांच्या) एका ए-४ पानावर सुमारे ४९६० गुणिले ७०१६ ठिपके असतात. कृष्णधवल पानासाठी त्यांचा आकार साधारण ४.३५ एमबी होतो. पूर्ण रंगीत पान तेवढ्याच ठिपक्यांत रचायचे झाल्यास, दाबून लहान करण्यापूर्वी तो १०४ एमबीच्या आसपास जातो. १ जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझर उघडा ठेवून रंगीत पान छापायला दिले की सगळे थबकल्यासारखे का वाटते, ते या आकड्यांवरून कळेल. अशा संगणकावर मजकुरासाठी होस्ट-बेस्ड प्रिंटर चालतो, पण मोठी छायाचित्रे छापताना संयम ठेवावा लागतो.

भाषेची नोंद कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रकात ‘प्रिंटर लँग्वेज’ किंवा ‘इम्युलेशन’ या ओळीत असते. ती ओळ अक्षर न् अक्षर वाचावी. ‘पीसीएल ६’ किंवा ‘पोस्टस्क्रिप्ट ३’ लिहिले असेल तर उत्तम.

*खबरदारी:* ‘पीसीएलएम’, ‘पीसीएलएमएस’, ‘यूआरएफ’ किंवा ‘पीडब्ल्यूजी’ ही नावे पाहून फसू नये. मोबाइलवरून ड्रायव्हरशिवाय छपाई करण्यासाठी वापरले जाणारे हे ठिपक्यांचे साचे आहेत. नावात पीसीएल असले तरी पीसीएल ६ चा जुना ड्रायव्हर अशा प्रिंटरवर चालेल असे समजू नये.

टप्पा ४: ड्रायव्हर आधी उतरवून घेणे आणि प्रिंटरशिवाय बसवून पाहणे

दोन-तीन मॉडेले नक्की झाली की प्रत्येकाचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसह, लिहून घ्यावे. एकाच क्रमांकापुढे डी, डब्ल्यू, एन किंवा ई ही अक्षरे बदलली की यंत्राच्या सोयी बदलतात आणि काही वेळा ड्रायव्हरही बदलतो. एचपीच्या काही मॉडेलांच्या शेवटी असलेले ई हे अक्षर विशेष लक्षात ठेवावे. त्या प्रिंटरना एचपी प्लस सेवेसाठी कंपनीचे खाते, सतत इंटरनेट आणि मूळ कार्ट्रिज लागते. इंटरनेटपासून दूर ठेवलेल्या संगणकाशेजारी असे यंत्र ठेवण्यात अर्थ नाही.

खोक्यावर ‘विंडोज ७ व पुढील’ असे छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये. कंपनीच्या संकेतस्थळावरील सपोर्टच्या पानावर आपले मॉडेल शोधावे आणि प्रणालीच्या यादीतून ‘विंडोज ७ ३२-बिट’ किंवा आपली जी असेल ती स्वतः निवडावी. संकेतस्थळ बहुधा आपण ज्या उपकरणावरून पाहत असतो त्याचीच प्रणाली आपोआप निवडते. शेजाऱ्यांच्या नव्या लॅपटॉपवरून शोधल्यास विंडोज ११ चा ड्रायव्हर हाती येतो आणि जुन्या संगणकावर तो उघडतही नाही.

शोध दुसऱ्या संगणकावरच करावा लागण्याची शक्यता मात्र मोठी आहे. एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला आजची बहुतेक सुरक्षित संकेतस्थळे उघडता येत नाहीत, आणि विंडोज ७ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते. ड्रायव्हर दुसरीकडे उतरवून पेनड्राइव्हने आणावा. एक्सपीसाठी पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण एक्सफॅट पद्धतीचा पेनड्राइव्ह एक्सपी वेगळ्या अद्यतनाशिवाय वाचत नाही. ‘फुल सॉफ्टवेअर’ आणि ‘बेसिक ड्रायव्हर’ असे दोन पर्याय दिसल्यास दोन्ही घ्यावेत, पण जुन्या संगणकावर बेसिकच बसवावा.

आता खरेदीपूर्वीची खरी परीक्षा. विंडोज ७ मध्ये ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’ उघडून ‘ॲड अ प्रिंटर’, मग ‘ॲड अ लोकल प्रिंटर’ निवडावे. पोर्टच्या यादीत एलपीटी१ (जुन्या पॅरलल सॉकेटचे नाव) निवडावा. संगणकाला प्रत्यक्षात असे सॉकेट नसले तरी हे नाव यादीत असते. पुढील खिडकीत ‘हॅव डिस्क’ दाबून उलगडलेल्या ड्रायव्हरचे फोल्डर दाखवावे. यादीत आपल्या मॉडेलचे नाव दिसले, ते निवडल्यावर ड्रायव्हर तक्रार न करता बसला आणि प्रिंटरचे चिन्ह उमटले, तर आवृत्ती, बिट आणि स्वाक्षरी या तिन्ही बाबतींत ड्रायव्हर संगणकाशी जुळतो असे समजावे. प्रिंटर घरात नसताना आणि एक रुपयाही खर्च न करता ही खात्री होते. काही ड्रायव्हर केवळ स्वतःच्या इन्स्टॉलरमधूनच बसतात आणि केबल जोडण्याची वाट पाहत थांबतात. तेथपर्यंत इन्स्टॉलर पोहोचला तरी ते चांगलेच लक्षण आहे.

चाचणी झाली की हे चिन्ह काढून टाकावे. ते तसेच राहिल्यास पुढे खऱ्या प्रिंटरचे दुसरे चिन्ह तयार होते आणि छपाईचा आदेश अस्तित्वात नसलेल्या यंत्राकडे जात राहतो.

*खबरदारी:* ड्रायव्हर ‘शोधून देणाऱ्या’ तिसऱ्याच संकेतस्थळांवरून काहीही उतरवू नये. सुरक्षा अद्यतने थांबलेल्या संगणकावर अशा फाइली चालवणे अतिशय धोक्याचे आहे.

टप्पा ५: जोडणी निवडणे

जुन्या संगणकासाठी यूएसबी केबल हाच पहिला पर्याय मानावा. प्रिंटर यूएसबी २ चा आणि संगणकाचे सॉकेट जुन्या १.१ चे असले तरी दोघांचे जुळते. वेग तेवढा कमी मिळतो. केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी.

सीपीयूच्या मागे २५ छिद्रांचे पॅरलल सॉकेट असलेल्या संगणकांबाबत एक चूक वारंवार होते. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल जुना पॅरलल प्रिंटर नव्या संगणकाच्या यूएसबीला जोडण्यासाठी असते. तिच्या साहाय्याने नवा यूएसबी प्रिंटर जुन्या पॅरलल सॉकेटला जोडता येत नाही. पॅरलल सॉकेटच वापरायचे असेल तर तशी जोडणी असलेलाच प्रिंटर घ्यावा. उदाहरणार्थ, इप्सनच्या एलएक्स-३१० या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला पॅरलल, सिरियल आणि यूएसबी या तिन्ही जोडण्या आहेत.

वाय-फायसाठी संगणकाला स्वतःचे वाय-फाय असावेच लागते असे नाही. संगणक लॅन केबलने राउटरला जोडलेला आणि प्रिंटर त्याच राउटरच्या वाय-फायवर असेल, तरी छपाई होते. अनेक प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय पकडतात, म्हणून राउटरवर ते चालू असल्याचे पाहावे. ड्रायव्हर मात्र येथेही लागतोच. वाय-फाय आहे म्हणजे ड्रायव्हर नको, हा समज विंडोज ७ ला लागू होत नाही. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता कायम करून ठेवावा आणि विंडोजमध्ये ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडावा. हे न केल्यास वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलू शकतो आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागतो.

टप्पा ६: दुकानात पाहण्याच्या गोष्टी

नव्या प्रिंटरबाबत खोक्यावरील पूर्ण मॉडेल आपल्या कागदाशी ताडून पाहावे, यूएसबी केबल आत आहे का ते विचारावे आणि टोनर किंवा शाई जवळपास सहज मिळते याची खात्री करावी.

जुना प्रिंटर हा अशा संगणकासाठी कमी प्रतीचा पर्याय नव्हे. अनेकदा तोच अधिक जुळतो. कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२० हे दोन्ही होस्ट-बेस्ड आहेत, तरी एक्सपी आणि विंडोज ७ दोन्हींसाठी त्यांचे ड्रायव्हर उपलब्ध झालेले आहेत. त्यांची अनुक्रमे ३०३ आणि १२ए ही कार्ट्रिजे साधारण २००० पानांची असून टोनर भरून देणाऱ्या दुकानदारांच्या चांगल्या परिचयाची आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे यंत्र घेताना ते चालू करून किमान दहा पाने सलग छापून घ्यावीत. ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटणारा डाग ड्रमचा किंवा रोलरचा दोष दाखवतो. बोट फिरवल्यावर पुसली जाणारी अक्षरे फ्यूझरचा दोष दाखवतात. पहिला दोष कार्ट्रिज बदलून जाऊ शकतो, दुसऱ्याचा खर्च मोठा असल्यामुळे ते यंत्र घेऊ नये.

*खबरदारी:* स्कॅनर असलेला प्रिंटर घेणार असाल तर स्कॅनचा ड्रायव्हर स्वतंत्रपणे शोधावा. छपाईचा ड्रायव्हर विंडोज ७ साठी आहे, पण स्कॅन केवळ विंडोज १० वर चालणाऱ्या ॲपमधूनच होते, असे घडू शकते.

टप्पा ७: घरी बसवण्याचा क्रम

१. सर्वप्रथम सिस्टीम रीस्टोअर पॉइंट (काही बिघडल्यास विंडोज पूर्वस्थितीत नेण्यासाठीची नोंद) तयार करावा आणि पूर्वीच्या, आता वापरात नसलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर काढावेत.

२. प्रिंटरमधील नारिंगी पट्ट्या आणि फोमचे तुकडे काढून, कागद भरून, संगणकाशिवाय त्याचे स्वतःचे चाचणी पान छापावे. हे पान नीट आले तर पुढे येणारी अडचण यंत्राची नसून जोडणीची किंवा ड्रायव्हरची आहे, हे आधीच कळलेले असते.

३. केबल न जोडता इन्स्टॉलर सुरू करावा आणि त्याने सांगितल्यावरच केबल जोडावी. आधी केबल लावल्यास विंडोज आपल्या मनाने अर्धवट नोंद करून ठेवते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसते. तसे झाल्यास त्या नोंदीवर माउसची उजवी कळ दाबून ती ‘अनइन्स्टॉल’ करावी, केबल काढावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

४. केबल सीपीयूच्या मागील सॉकेटलाच लावावी आणि ते सॉकेट पुढे बदलू नये. सॉकेट बदलल्यावर विंडोज ‘कॉपी १’ नावाचे दुसरे चिन्ह तयार करू शकते आणि मूळ चिन्हाला दिलेली छपाई रांगेत अडकून राहते.

५. प्रिंटरच्या गुणधर्मांत कागदाचा आकार ए-४ करावा. अनेकदा तो ‘लेटर’ असतो. त्यामुळे पानाचा तळ कापला जातो किंवा प्रिंटर कागद बदलण्याचा इशारा देत थांबतो. क्यूआर कोड असलेली कागदपत्रे ‘ॲक्च्युअल साइझ’ने छापावीत.

*तपासणी:* विंडोजचे चाचणी पान, एक पीडीएफ आणि ब्राउझरमधील एक पान असे तीन प्रकार छापून पाहावेत. तिन्ही आल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

टप्पा ८: मराठी मजकुराची चाचणी

इंग्रजी चाचणी पान उत्तम आले म्हणून मराठी नीट येईलच असे नाही. ‘क्षेत्र, ज्ञानेश्वर, त्र्यंबक, उद्ध्वस्त, तऱ्हा, वाऱ्यावर’ हे शब्द मंगल फॉन्टमध्ये लिहून छापावेत. ‘तऱ्हा’मधील अर्धा र योग्य उमटला तर बाकीच्या जोडाक्षरांची फारशी काळजी उरत नाही.

अक्षरे पडद्यावरच तुटलेली दिसत असतील तर प्रिंटरचा संबंध नाही. एक्सपीमध्ये अशा वेळी रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समधून गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय चालू करावी लागते. श्रीलिपी किंवा अन्य जुन्या फॉन्टमधील फाइल असेल तर तो फॉन्ट संगणकावर असावा लागतो. पडद्यावर ठीक आणि कागदावर मात्र चौकोन किंवा भलतीच चिन्हे आली, तर पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रामच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायात ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करावी, वेळ थोडा जास्त लागतो, पण पान पडद्यावर दिसते तसे उतरते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी विंडोजमधील ‘जेनेरिक/टेक्स्ट ओन्ली’ हा ड्रायव्हर निवडू नये, कारण देवनागरी मजकूर त्यातून छापला जात नाही. मॉडेलचा स्वतःचा ड्रायव्हर पान चित्ररूपात पाठवतो आणि मराठी नीट उमटते.

ड्रायव्हर मिळतच नसेल तर

घरात आधीच आलेल्या प्रिंटरला विंडोज ७ चा ड्रायव्हर नसेल, पण त्यावर मोबाइलवरून छपाई होत असेल, तर संगणकावर पीडीएफ तयार करून ती मोबाइलवर न्यावी आणि तेथून छापावी. विंडोजची स्वतःची पीडीएफ छपाई विंडोज १० पासून आली. त्यापूर्वीच्या प्रणालीवर लिब्रेऑफिस किंवा ऑफिस २०१० मधून थेट पीडीएफ साठवता येते. प्रिंटरलाच पेनड्राइव्हचे सॉकेट असले तरी त्यातून पीडीएफ छापली जाईल असे धरून चालू नये. काही यंत्रे तेथून केवळ जेपीईजी छायाचित्रे वाचतात.

दुसरा मार्ग त्याच संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवण्याचा आहे. लिनक्समधील कप्स ही छपाईची व्यवस्था आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट या ड्रायव्हरविना छपाईच्या पद्धती समजणाऱ्या प्रिंटरवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापू शकते. आधी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट सुरू होते असा) लावून, हार्डडिस्कला हात न लावता, प्रिंटर ओळखला जातो का आणि मराठी पान छापले जाते का ते पाहावे. दोन्ही जमले तरच, आणि सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवल्यानंतरच, कायमचा बदल करावा.